दुखण्यापायी उभा केलेला पैसा

हृदय प्रत्यारोपणाला खासगी रुग्णालयात साधारण २० ते ३० लाख रुपये लागतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या, विडी कामगाराच्या किंवा फाउंड्रीत राबणाऱ्या माणसाच्या घरात एवढी रक्कम नसते आणि ती एका ठिकाणाहून मिळतही नाही. थोडी भावकीतून येते, थोडी सोसायटीच्या कर्जातून, थोडी सरकारी कार्डावर, थोडी कुठल्या तरी मुख्यमंत्र्यांच्या निधीतून. उरलेली गावच्या वर्गणीतून आणि अनोळखी लोकांच्या मोबाईलवरून गोळा होते. यातली प्रत्येक वाट वेगळ्या काळात पडली. जुनी वाट बुजली नाही, तिच्याशेजारी नवी पडत गेली. सीमाभागात त्यात आणखी एक गुंता आहे. माणूस मराठी, पाहुणे कोल्हापूरकडचे, रेशन कार्ड कर्नाटकाचे आणि दवाखाना जिथे जीव वाचेल तिथला. पैसा देणारा प्रत्येक जण मात्र आधी कागद मागतो.

जुन्या काळी कागदाचे काम अब्रूवर भागे. निपाणी भागातले नगदी पीक तंबाखू. पावसाळ्यात लावण होते, जानेवारी-फेब्रुवारीत काढणी आणि पैसा हातात पडतो उन्हाळ्याच्या तोंडावर. आजारपण मात्र हंगाम बघून येत नाही. त्यामुळे पावसाळ्यात दुखणे आले की वखारवाल्या व्यापाऱ्याकडून पुढच्या मालावर उचल घ्यायची, ही नेहमीची सोय होती. उचल घेतलेला माल त्याच वखारीत जायचा आणि भाव ठरवताना शेतकऱ्याचे तोंड आधीच बांधलेले असायचे. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडवून धरला, तो भावासाठी. पोलिसांच्या गोळीबारात त्यात शेतकरी मारले गेले. त्या भावाच्या भांडणामागे बियाणे, खत आणि लग्नाइतकेच दवाखान्याचे देणेही होते.

घरातला पैसा काढण्याचा एक क्रम असतो. आधी फडताळातली शिल्लक, मग बायकांची भिशी, मग हातउसने, मग म्हैस, मग सोने आणि अगदी शेवटी जमीन. भिशीत दहा-बारा जणी दरमहा ठरलेली रक्कम टाकतात आणि एकेकीला पाळीने सगळी रक्कम मिळते. कुणाच्या घरी दुखणे असेल तर तिची पाळी आधी लावतात. ही सवलत कुठल्या नियमात लिहिलेली नसते, पण ती नाकारणारी भिशी टिकत नाही. रुग्णाला बघायला येणारे पाहुणेही रिकाम्या हाताने जात नाहीत, निघताना हातावर किंवा उशीखाली पैसे ठेवतात. लग्नाचा आहेर नावासकट वहीत मांडला जातो, उशीखालचा पैसा बहुधा मांडत नाहीत. तरीही कुणी किती ठेवले, हे घरातल्या बाईच्या पक्के ध्यानात असते आणि पुढे त्या घरात दुखणे आले की तेवढे परत जाते.

मोठ्या शस्त्रक्रियेसाठी घर सोडून जाण्याची सवय या भागाला मिरजेने लावली. कॅनेडियन मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. रेल्वेचे जंक्शन असल्याने बेळगाव, कोल्हापूर, सोलापूर, धारवाड अशा चारी बाजूंनी रुग्ण तिथे उतरत. तेव्हा ही सगळी मुलूखपट्टी मुंबई इलाख्यात किंवा लहानमोठ्या संस्थानांत होती. कुठल्या हद्दीतला रुग्ण कुठे जातो, याचा हिशेब कुणी ठेवत नव्हते. गाडीभाडे, सोबत्याची भाकरी आणि ऑपरेशनचे पैसे जमले म्हणजे निघायचे.

घराबाहेरचा पहिला संघटित पैसा सहकारातून आला. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर १९०५ मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळ येथे पहिली पतसंस्था निघाली आणि बेळगावात पायोनियर बँक १९०६ पासूनची आहे. सावकार सोने किंवा जमीन मागे, पतसंस्था दोन जामीनदार मागू लागली. फरक मोठा होता. ज्याच्याकडे गहाण टाकायला काही नाही, त्यालाही पत मिळू लागली, फक्त सही करणारे दोन सभासद हवे होते. सहकाराच्या पुस्तकी विचारात आजारपणाचे कर्ज ‘अनुत्पादक’ ठरे. म्हणून अर्जावर बैलजोडी किंवा विहीर लिहायची आणि पैसा दवाखान्यात भरायचा, ही युक्ती गावोगावी चालली. संचालकांनाही ती ठाऊक असे. आजारी माणूस उभा राहिल्याशिवाय बैलजोडी चालवणार कोण, हा त्यांचा युक्तिवाद पुस्तकापेक्षा शहाणा होता.

अनोळखी माणसांकडून पैसा मागण्याची रीत मात्र या भागाने रोगासाठी नाही, सार्वजनिक कामासाठी शिकून घेतली. वर्गणी, पट्टी, पावतीबुक हे शब्द गणेशोत्सवाने, तालमींनी, शाळांनी आणि स्वातंत्र्य चळवळीने घरोघरी नेले. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि कोल्हापूरचे केशवराव भोसले यांनी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ केले. तिकिटाच्या पैशातून निधी उभा राहतो, हे त्यानंतर मराठी मुलखात कुणाला पटवून द्यावे लागले नाही. पुढे गावच्या नाटकाचा प्रयोग, कुस्तीचे मैदान, ऑर्केस्ट्रा यांचा पैसा शाळेच्या इमारतीला जाई, तसा एखाद्या रुग्णालाही जाऊ लागला. बेळगावात बाबुराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये सुरू केलेल्या ‘तरुण भारत’सारख्या वृत्तपत्रांमुळे आवाहन गावाची वेस ओलांडून गेले. त्या आवाहनाचा साचा आजही ओळखीचा आहे: रुग्णाचा फोटो, घरची परिस्थिती दोन ओळींत, डॉक्टरांनी सांगितलेला खर्च आणि खाली बँकेचा खाते क्रमांक.

तोवर राज्याची हद्द मधे आली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्याच जिल्ह्यातला चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. चंदगडच्या माणसाचे बाजाराचे आणि दवाखान्याचे शहर बेळगावच राहिले. उलट निपाणीहून बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर आणि कोल्हापूर जेमतेम ४०, म्हणून निपाणीकर कोल्हापूरची वाट धरत राहिले. निपाणीतली हद्द किती जवळ आहे ते तिथल्या देवचंद कॉलेजवरून कळते. निपाणीचे म्हणून ओळखले जाणारे हे कॉलेज अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात आहे. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्यावे व बेळगाव शहर म्हैसूरकडेच, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडेच ठेवावे, असे सुचवले. महाराष्ट्राने ते मान्य केले नाही आणि २००४ पासून हा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे.

हद्दीचा परिणाम कायद्यांवर सावकाश दिसत गेला. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात असल्याने तो तिथेही लागू झाला आणि जिल्हा म्हैसुरात गेल्यावरही बराच काळ चालू राहिला. पुढे महाराष्ट्राने त्यात दुरुस्ती करून धर्मादाय रुग्णालयांवर गरीब रुग्णांसाठी खाटा राखून ठेवण्याचे बंधन घातले. मुंबई उच्च न्यायालयाच्या योजनेने त्याला आकार आला: १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत आणि त्यासाठी बिलांच्या २ टक्के रकमेचा वेगळा निधी. ही दुरुस्ती महाराष्ट्राची, त्यामुळे तिचे बंधन हद्दीपलीकडे गेले नाही. मूळ कायदा दोन्हीकडे एकच होता, पण त्यातून निघालेला गरिबाचा हक्क एकाच बाजूला उरला.

निपाणीच्या बायकांसाठी केंद्र सरकारचा पैसा तंबाखूतूनच आला. १९७६ मध्ये संसदेने विडी कामगार कल्याण निधीचे आणि त्यासाठीच्या उपकराचे असे दोन कायदे केले. विडीच्या धंद्यावर उपकर घ्यायचा आणि त्यातून कामगारांचे दवाखाने, घरे, मुलांच्या शिष्यवृत्त्या चालवायच्या, अशी व्यवस्था होती. क्षयरोग, कर्करोग, हृदयविकार, मूत्रपिंड प्रत्यारोपण यांनाही मदत होती: हृदयविकाराच्या उपचाराला १ लाख ३० हजार रुपयांपर्यंत, मूत्रपिंडाला २ लाखांपर्यंत. उपकराचा दर कायद्याने हजार विड्यांमागे जास्तीत जास्त ५ रुपये होता. वळायला बसलेली सराईत बाई दिवसभरात साधारण हजार विड्या करते. म्हणजे एका रुग्णाचे १ लाख ३० हजार जमायला कमाल दरानेही २ कोटी ६० लाख विड्या लागतात. एकट्या बाईने एकही दिवस खाडा न करता वळल्या तर ७१ वर्षांचे काम.

निधी मिळवायचा तर ओळखपत्र हवे. विडीचे काम ठेकेदारामार्फत घरोघरी चालते, एका नावावर पाने-तंबाखू येते आणि सासू, सून, मुलगी तिघी वळतात. कार्ड एकीचे असते, खोकला तिघींना. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांची परिस्थिती आणखी वाईट होती. १९८० च्या सुमारास सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने निपाणीत या बायकांची संघटना उभी राहिली, तिच्या लढ्यावर दीपा धनराज यांनी १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. हजेरी, पगार आणि कामगार म्हणून नोंद या संघटनेच्या मागण्या वरवर दवाखान्याच्या नव्हत्या. पण नोंद झाल्याशिवाय दवाखान्याचा पैसा मिळत नव्हता, हे बायकांना नेमके कळले होते. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर विडीवरचा उपकर रद्द झाला आणि कल्याण योजना सरकारी अंदाजपत्रकातल्या तरतुदीवर चालू लागली.

राज्यांचा पैसा यायला शतक संपत यावे लागले. महाराष्ट्राने १९९७ मध्ये दारिद्र्यरेषेखालील रुग्णांच्या हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियांसाठी जीवनदायी योजना आणली. कर्नाटकात २००३ मध्ये यशस्विनी सुरू झाली. तिची कल्पना हृदयशल्यविशारद डॉ. देवी शेट्टी यांची आणि पाया सहकाराचा: सोसायटीच्या सभासद शेतकऱ्याने वर्षाला ६० रुपये, म्हणजे महिन्याला ५ रुपये भरायचे आणि ठरलेल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया रोख न देता करून घ्यायची. एका शस्त्रक्रियेला १ लाख, वर्षाला २ लाख अशी मर्यादा होती. बैलजोडीच्या नावाने कर्ज घेणाऱ्या सभासदाला पहिल्यांदाच आजारपण उघडपणे लिहिता आले. २०१० मध्ये वाजपेयी आरोग्यश्री आधी गुलबर्गा आणि मग बेळगाव विभागात आली, तिच्यासाठी सभासदत्व नव्हे तर दारिद्र्यरेषेचे कार्ड लागे. ती अजून दक्षिण कर्नाटकात पोचायची असताना संशोधकांनी योजनेच्या हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या गावांची तुलना केली. योजनेतल्या आजारांनी होणारे मृत्यू आणि खिशातून जाणारा खर्च अलीकडच्या गावांत कमी निघाला. हा अभ्यास २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. २०१८ मध्ये या योजना आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकात विलीन झाल्या: गरीब कुटुंबाला वर्षाला ५ लाख, इतरांना ठरलेल्या दराच्या ३० टक्के. यशस्विनी २०२२ मध्ये वेगळी म्हणून पुन्हा सुरू करावी लागली, ती नोव्हेंबरमध्ये, ५ लाखांच्या मर्यादेने.

या रकमा बायपासला, झडपेला पुरतात. प्रत्यारोपणाचा हिशेबच निराळा आहे आणि त्याचा इतिहासही अर्ध्या शतकाचाच. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला पहिले मानवी हृदय बसवले. अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातला पहिला प्रयत्न केला, पण रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता देणारा अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातले पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले. सीमाभागातल्या रुग्णाला तेव्हा मुंबई, चेन्नई, बंगळूरच गाठावे लागे. १९१६ मध्ये सात शिक्षकांनी काढलेल्या केएलई संस्थेच्या बेळगावातल्या डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालयात गेल्या दशकाच्या अखेरीस हृदय प्रत्यारोपण होऊ लागले. काढलेले हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या छातीत सुरू व्हावे लागते. जुलै २०२२ मध्ये धारवाडच्या एसडीएम रुग्णालयातून निघालेले हृदय पोलिसांनी मोकळ्या केलेल्या रस्त्याने बेळगावला नेण्यात आले.

पैसा उभा करणाऱ्याची खरी अडचण इथे सुरू होते. बायपासची तारीख ठरते, त्या तारखेपर्यंत पैसे जमवायचे असतात. प्रत्यारोपणाला तारीख नसते. रुग्णाचे नाव प्रतीक्षायादीत लागते आणि जुळणारे हृदय आज रात्री मिळेल किंवा वर्षभर मिळणार नाही. फोन आला की अनामत रकमेसाठी पळापळ करायला वेळ नसतो, म्हणजे पैसे आधीच तयार हवेत आणि तोवर आवाहन जिवंत ठेवायला हवे. वर्गणी देणारा पहिल्या आठवड्यात भरभरून देतो, तिसऱ्या महिन्यात विचारतो, झाले का ऑपरेशन? त्यात प्रतीक्षायाद्या राज्यवार. कर्नाटकात हे काम २००७ पासून विभागीय समन्वय समितीकडे होते, आता ते जीवसार्थकते ही संस्था करते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद अशी वेगळी केंद्रे आहेत. निपाणीचा रुग्ण बेळगावात नाव घालतो की पुण्यात, यावर त्याचे हृदय कुठल्या राज्यातून येईल हे ठरते. रहिवासाची अट काढून टाका, असे केंद्राने राज्यांना फेब्रुवारी २०२३ मध्ये कळवले. कर्नाटकाने गरीब रुग्णांच्या प्रत्यारोपणासाठी नेहमीच्या कार्डापलीकडे वेगळी योजना केली आहे, तिच्यात हृदयाची रक्कम १० लाखांच्या घरात आहे.

महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहायता निधीतून हृदय प्रत्यारोपणाला २ लाखांपर्यंत मदत मिळते. अर्जाला काय काय जोडायचे ते पाहिले की पैसा उभा करणे हे आज किती कागदी काम झाले आहे ते कळते: रुग्णालयाच्या सहीशिक्क्याचे खर्चाचे अंदाजपत्रक, तपासण्यांचे अहवाल, आधार, रेशन कार्ड, तहसीलदाराचा १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला आणि खाटेवरच्या रुग्णाचा जिओ टॅग फोटो. फोटोच्या कोपऱ्यात अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ छापलेली असते. मास्क लावलेला माणूस मधे आणि पृथ्वीवरची त्याची नेमकी जागा खाली. बेळगावच्या रुग्णाच्या बाबतीत ते अक्षांश-रेखांश एका राज्याचे आणि निधी दुसऱ्या राज्याचा. उत्पन्नाचा दाखला कन्नडमध्ये निघतो, तो मराठी फायलीत जातो.

डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पुन्हा तापला, दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले आणि महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या लोकांसाठी आपला मुख्यमंत्री सहायता निधी खुला केल्याचे जाहीर केले. २०२३ च्या अर्थसंकल्पात त्याच गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्यासाठी ५४ कोटी रुपये ठेवले आणि एप्रिलमध्ये आदेश निघाला. कर्नाटकाने याला आपल्या कारभारातली ढवळाढवळ ठरवले. तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी योजना रोखण्याची भाषा केली. जानेवारी २०२४ मध्ये अर्ज भरून घेणारी बेळगावातली केंद्रे तिथल्या प्रशासनाने बंद केली. खरे तर आयुष्मान कार्ड देशभर चालते, दोन्ही राज्यांच्या योजनांत हद्दीपलीकडची काही रुग्णालये असतात आणि चंदगडचा रुग्ण बेळगावात उपचार घेतो तेव्हा कुणी हरकत घेत नाही. भांडण उपचाराचे नव्हते, दाखला कोण देणार याचे होते.

गेल्या पंधरा वर्षांत वर्गणीने इंटरनेट गाठले. देणग्या गोळा करणारी संकेतस्थळे निघाली: मिलाप २०१० मध्ये, केटो २०१२ मध्ये, इम्पॅक्ट गुरू २०१४ मध्ये. त्यात २०१६ नंतर यूपीआय आले आणि पावतीबुकाची जागा क्यूआर कोडने घेतली. गावच्या व्हॉट्सॲप गटावर आधी आवाहन येते, मग रोज संध्याकाळी जमलेल्या रकमेची नावनिशीवार यादी. ही यादी म्हणजे जुन्या पट्टीच्या वहीचेच रूप, फरक इतकाच की उशीखाली गुपचूप ठेवायचा पैसाही आता नावासकट जाहीर होतो. संकेतस्थळावर मात्र रुग्णाची गोष्ट इंग्रजीत किंवा हिंदीत लिहावी लागते. निपाणीच्या माणसाला तिथे ‘सीमाभाग’ हा शब्दच वापरता येत नाही, कारण दिल्ली-बंगळूरच्या दात्याला त्यातून काहीच कळत नाही.

शस्त्रक्रिया झाल्यावर खर्च संपत नाही. शरीराने नवे हृदय नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड अशी औषधे जन्मभर चालतात. पहिल्या वर्षात हृदयाचा कण काढून तपासणी वारंवार होते, रुग्णालयाजवळ खोली घेऊन सोबत्यासह राहावे लागते, जंतुसंसर्गाच्या भीतीने शेतातले आणि तंबाखूच्या धुळीतले काम सुटते. ठोक मदत देणारे निधी आणि संकेतस्थळे इथपर्यंत येत नाहीत. काही रुग्णालये औषधे सवलतीत देतात, स्वस्त जेनेरिक पर्याय मिळतात, तरी दरमहा काही हजार लागतातच. ही रक्कम मोठ्या आवाहनासाठी लहान आणि विडीच्या मजुरीसाठी मोठी असते. ती घराच्या हप्त्यांतून निघते: सोसायटीचे कर्ज फिरवून, धाकट्या भावाच्या पगारातून आणि बायकांच्या भिशीत पाळी आधी लावून घेऊन.